दाराची मूठ कोणासाठी?

मनुष्याने निर्माण केलेल्या काही वस्तू अशा असतात की, त्या जोवर आपले काम बिनतक्रार करीत असतात तोवर त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. दाराची मूठ ही अशीच एक वस्तू होय. घराचे वर्णन करताना आपण भिंतींविषयी बोलतो, छपराविषयी बोलतो, अंगणातील तुळशीविषयीही बोलतो. परंतु ज्या कडीला धरून दिवसातून शंभर वेळा आतबाहेर करतो, तिचे नाव सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. मोटारीच्या बाबतीतही हेच घडत आले. गाडीचा वेग, रंग आणि किंमत यांची चर्चा मधल्या सुट्टीत आमच्या पटांगणावर नित्य चालते. दाराच्या मुठीची चर्चा मात्र ती नाहीशी होऊ लागली तेव्हा कोठे सुरू झाली.

पुण्याहून सोलापूर-उमरग्यावरून हुमनाबाद व पुढे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ हा आमच्या राजेश्वरचा शेजारी. त्यामुळे जगात निघालेली प्रत्येक नवी गाडी आज ना उद्या आमच्या विद्यार्थ्यांच्या नजरेस पडतेच. अलीकडे त्यांना अशा मोटारी दिसतात की, ज्यांचे दार पाटीसारखे गुळगुळीत असते. २०२१ सालची महिंद्राची एक्सयूव्ही ७००, २०२४ सालची टाटांची कर्व्ह या देशी गाड्यांतही दाराच्या पत्र्यात लपणाऱ्या मुठी आल्या. त्याहून पुढची पायरी म्हणजे मूठच काढून टाकणे. काही हौशी मंडळी जुन्या गाडीच्या मुठी काढून घेतात, त्या जागची भोके पत्रा झाळून बुजवितात, वर लांबी भरून रंग मारतात आणि आत विजेची कळ बसवितात. हातातील रिमोटचे बटण दाबले की दार खट्‌कन आवाज करून बोटभर पुढे येते. पाहणारे थक्क होतात.

हे पाहून आमचे विद्यार्थी विचारतात, ‘गुरुजी, ही सुधारणाच नव्हे काय?’ प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर एका शब्दात देण्यासारखे नाही, म्हणून हा लेखप्रपंच. आमचे मत आरंभीच सांगतो. दाराला वीज खुशाल लावावी. परंतु हाताने ओढण्याची मूठ काढू नये. कारण मूठ ही केवळ मालकाच्या सोयीची वस्तू नसून ती परक्याच्या हातासाठी राखून ठेवलेली जागा आहे.

प्रथम या यंत्राची रचना समजून घेऊ. मोटारीच्या दाराच्या कडेला एक लोखंडी आकडा असतो. दार लावले की तो चौकटीवरील कडीला घट्ट धरतो आणि एक लहानसा खटका त्याला मागे फिरू देत नाही. आपण मूठ ओढतो तेव्हा दाराच्या पोटातील सळई किंवा तार तो खटका बाजूस सारते, आकडा सुटतो आणि दार उघडते. यात हाताचे बळ थेट खटक्यापर्यंत पोहोचते. मध्ये कोणी दलाल नसतो. विजेच्या दारात तेच काम विद्युत्चुंबक किंवा छोटी मोटर करते. बटण दाबल्यावर रेडिओ-लहरींनी संदेश जातो, गाडीतील यंत्र तो ओळखते, बॅटरीतून प्रवाह सुटतो आणि खटका सरकतो. मूठ नसलेले दार धरून ओढता येत नाही, म्हणून त्याला बाहेर ढकलण्यासाठी आत एक स्प्रिंगही बसवावी लागते.

या व्यवस्थेचे गुण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुरून कुलूप उघडणारी किल्ली फ्रान्समधील रेनो कंपनीने १९८२ साली आपल्या फुएगो गाडीबरोबर आणली, आणि आज ती सर्वत्र रूढ झाली आहे. दोन्ही हातांत सामान असलेली गृहिणी, सांधेदुखीने बोटे आखडलेले आजोबा, चाकांच्या खुर्चीवरून प्रवास करणारा अपंग बांधव यांना आपोआप उघडणारे दार हे वरदानच होय. गुळगुळीत दारामुळे हवेचा अडथळा थोडा कमी होतो, असेही कारखानदार सांगतात. परंतु वारा कापण्यासाठी वीजच हवी असे नाही. जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीने १९५४ साली आणलेल्या ३०० एसएल या प्रसिद्ध गाडीच्या मुठीही पत्र्याशी समतल होत्या. एका टोकाला बोटाने दाबताच दुसरे टोक वर येई. सौंदर्य होते, वारा कापला जात होता, आणि तरीही सारे काम हाताचेच होते.

आता दुसरी बाजू पाहू. संदेश, यंत्र, बॅटरी, तारा आणि विद्युत्चुंबक या पाच दुव्यांपैकी एक जरी निखळला, तरी दार म्हणजे भिंत होते. पुष्कळांची समजूत अशी की, विजेवर चालणाऱ्या मोटारीत विजेचा काय तुटवडा? वस्तुतः त्या गाड्यांतील दारे चाके फिरविणाऱ्या मोठ्या बॅटरीवर चालत नाहीत. ती बहुधा एका वेगळ्या, कमी दाबाच्या लहान बॅटरीवर चालतात. ती उतरली, अपघातात तिची तार तुटली किंवा तीत पाणी शिरले, तर शेजारी भरलेली मोठी बॅटरी असूनही दार हलत नाही. विहीर भरलेली असावी आणि पोहरा नसावा, तशी ही गत होते.

यावर कोणी म्हणेल की, लोखंडी मूठही गंजते आणि तारही तुटते. खरे आहे. कोंकणी बोलणाऱ्या घरात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावर वाढल्यामुळे लोखंडाची ही व्यथा आम्हांस चांगली ठाऊक आहे. परंतु गंजणारी कडी आधी कुरकुरते, मग अडते, तेल मागते. ती मालकाला आपल्या दुखण्याची सूचना देते. वीज तशी सूचना देईलच असे नाही. काल संध्याकाळपर्यंत जी कळ चालत होती, ती आज सकाळी मुकी झालेली आढळते.

ही भीती कल्पनेतील नव्हे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि मोटारींत अडकलेली काही माणसे बंद काचांआड गुदमरून गेली. त्यांच्या दारांना मुठी नव्हत्या काय? होत्या. परंतु येथे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने थोडे गणित करून पाहावे. एक मीटर रुंदीच्या दाराबाहेर ६० सेंटिमीटर उंचीचे पाणी साचले आणि आत पाणी नसले, तर त्या दारावर सुमारे १८० किलोचा भार पडतो. अशा वेळी दार उघडणे कठीण. उरते ती खिडकी. जुन्या ॲम्बेसेडर गाडीत काच खाली घेण्यासाठी फिरविण्याची मूठ असे. ती पाण्यातही फिरविता येई. नव्या गाड्यांत त्या मुठीच्या जागी विजेचे बटण आले होते, आणि पाणी शिरताच बटणे निकामी झाली. त्या प्रलयानंतर मुंबईच्या कित्येक मोटारमालकांनी गाडीत लहानशी हातोडी ठेवण्यास आरंभ केला. एक मूठ काढून टाकल्याबद्दल हातोडी बाळगावी लागली, हा त्या प्रसंगाचा बोध होय.

आमच्या शेजारच्या रस्त्यांवरही असे प्रसंग घडले आहेत. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी बंगळूरहून हैदराबादकडे निघालेली खाजगी बस महबूबनगर जिल्ह्यातील पालेमजवळ पेटली आणि ४५ प्रवासी मृत्युमुखी पडले. २४ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे त्याच मार्गावर, हैदराबादहून बंगळूरला जाणारी शयनबस कर्नूलजवळ पेटली. बसमधील १९ जण गेले. आग लागण्याची कारणे वेगवेगळी असतील, आणि त्यांचा दोष एकट्या दारावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु कर्नूलच्या बसचे दार उघडले नाही आणि जे वाचले त्यांना काचा फोडून बाहेर पडावे लागले, ही गोष्ट विसरण्याजोगी नव्हे. आमच्या भागातील कित्येक कुटुंबांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी हैदराबादेस आणि बंगळुरास असतात. दिवाळीला घरी येण्यासाठी ती अशाच बसमध्ये रात्रभर झोपून प्रवास करतात. म्हणून दाराचा हा प्रश्न आमच्या दृष्टीने केवळ श्रीमंतांच्या मोटारीचा राहत नाही.

परदेशांतही या विषयाने शासनांना जागे केले आहे. अमेरिकेत २०२५ च्या सप्टेंबरात तेथील महामार्ग-सुरक्षा प्रशासनाने टेस्ला कंपनीच्या २०२१ सालच्या ‘मॉडेल वाय’ या सुमारे १ लाख ७४ हजार गाड्यांच्या दारांची चौकशी आरंभिली. आईबाप मुलाला मागच्या आसनावर बसवून किंवा उतरविण्यासाठी बाहेर आले आणि बाहेरून दार उघडेना, अशा तक्रारी आल्या होत्या. काहींना काच फोडून आपले लेकरू बाहेर काढावे लागले. आत हाताने उघडण्याची सोय असली तरी आसनाला पट्ट्याने बांधलेल्या तान्ह्या मुलाला तिचा काय उपयोग?

चीनमध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चेंगडू शहरात विजेवर चालणारी एक मोटार अपघातानंतर पेटली. रस्त्यावरील माणसे धावली, दाराशी झटली, काचांवर प्रहार करू लागली. परंतु दार काही उघडले नाही आणि आतील माणूस गेला. हे दृश्य जगभर पाहिले गेले. पुढे २०२६ च्या फेब्रुवारीत चीनच्या उद्योग व माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने एक सक्तीचे मानक जाहीर केले. त्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून मोटारीच्या प्रत्येक दाराला, मागील झाकण वगळून, विजेवाचून उघडणारी सोय आतून आणि बाहेरून असलीच पाहिजे. एवढेच नव्हे, तर बाहेरच्या मुठीपाशी हात शिरण्यासाठी किमान ६ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर खोल जागा असावी, असेही ठरविले गेले. जगात विजेच्या सर्वांत अधिक मोटारी जो देश बनवितो, त्याने माणसाच्या बोटांसाठी जागा मोजून द्यावी, यातच या वादाचे बरेचसे उत्तर आहे.

चेंगडूच्या त्या प्रसंगात आमच्या मताचे सार आहे. गाडीच्या मालकाला आपल्या दाराची युक्ती ठाऊक असते. रिमोट त्याच्या खिशात असतो. गुप्त तार कोठे आहे, कोणत्या चटईखाली कळ आहे, हे त्याने पुस्तकात वाचलेले असते. परंतु अपघाताच्या क्षणी मालक बेशुद्ध असतो आणि दाराशी जो येतो तो परका असतो. महामार्गावर गाडी उलटली तर प्रथम कोण धावते? शेजारच्या रानात तूर कापणारा शेतकरी, मेंढरे राखणारा धनगर, टपरीवर चहा करणारा पोरगा. त्यांपैकी कोणी ती गाडी पूर्वी पाहिलेलीही नसते. त्याला एकच भाषा येते: दाराशी जावे, मूठ शोधावी आणि ओढावी. ही भाषा मराठी नव्हे, कानडी नव्हे, तेलुगूही नव्हे. ती हाताची भाषा आहे. जे दार ती भाषा ओळखत नाही, ते मदतीला आलेल्या माणसाला परत पाठविते.

आपल्या कायद्यानेही या परक्या माणसाची आता कदर केली आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून अशा उपकारकर्त्यास संरक्षण दिले. कायदा म्हणतो, ‘धावून जा, तुला कोणी छळणार नाही.’ आणि गाडी म्हणते, ‘धावून आलास खरा, पण धरायला काही नाही.’ या विसंगतीला सुधारणा म्हणणे आम्हांस जमत नाही.

घरच्या गॅरेजात मुठी कापून घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. परंतु दंडाच्या भयापेक्षा विवेकाचे भय आम्हांस अधिक मोलाचे वाटते. ज्या दाराच्या मागे आपली आई बसणार आहे, आपला धाकटा भाऊ झोपणार आहे, ते दार केवळ मित्रांच्या टाळ्यांसाठी आंधळे करावे काय?

चोरीचा मुद्दा पुढे केला जातो. मूठ नसेल तर चोर दार उघडणार कसे, असे म्हणतात. परंतु चोराला अडविणे हे कुलपाचे काम आहे, मुठीचे नव्हे. कुलूप हवे तेवढे मजबूत असावे. मूठ मात्र जागेवर असावी. दुसरे असे सांगतात की, टक्कर होताच नव्या गाड्यांची कुलुपे आपोआप उघडतात. ही योजना उत्तम आहे आणि तिचे आम्ही स्वागत करतो. परंतु कुलूप उघडले तरी दार ओढावे लागतेच. आणि ओढायचे कशाला धरून, हा प्रश्न शिल्लक राहतो.

लहान मुलांचा विचार तर सर्वांच्या आधी व्हावयास हवा. २०२३ च्या जून महिन्यात नागपुरात खेळता खेळता तीन चिमुकली मुले घराजवळ उभ्या असलेल्या एका मोटारीत शिरली. दार लागले, ते त्यांना उघडता आले नाही आणि दुसऱ्या दिवशी ती मृतावस्थेत सापडली. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात पाच आणि सात वर्षांच्या भावंडांचाही असाच अंत झाला. तेथे मुठी काढून टाकलेल्या नव्हत्या. त्या साध्याच गाड्या होत्या. पण साधे दारसुद्धा जर बाळाच्या हाताला दाद देत नाही, तर लपविलेली कळ आणि न दिसणारी तार त्याला कशी सापडणार? आमच्या भागात वैशाखातले ऊन कसे असते, हे सांगण्याची गरज नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत हवा थोड्याच वेळात असह्य तापते. म्हणून आमच्या प्राथमिक वर्गातील बालकांच्या पालकांना आमची हात जोडून विनंती आहे की, अंगणात उभी असलेली गाडी कुलूप लावूनच ठेवावी, मूल दिसेनासे झाले तर विहिरीबरोबर गाडीतही पाहावे, आणि आतून दार कसे उघडते हे त्याला एकदा स्वतःच्या हाताने करून दाखवावे.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट कळली होती असे वाटते. जुन्या किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या प्रचंड दरवाजांत एक लहानसे दार असे. त्याला दिंडी दरवाजा म्हणत. मुख्य दरवाजा उघडण्यास अडसर काढावा लागे, चार माणसे लागत. दिंडी मात्र एका माणसाच्या हाताने उघडे. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, वैद्याला बोलवायचे झाले, तर सारा दरवाजा हलविण्याची गरज पडत नसे. मोठ्या व्यवस्थेच्या पोटात एक लहान, साधी, हाताने चालणारी सोय ठेवणे यालाच आम्ही दूरदृष्टी म्हणतो. विजेच्या दाराला हीच दिंडी हवी आहे. विजेने चालवा, रिमोटने उघडा, वाटल्यास आवाजाने हाक मारून उघडा. परंतु शेवटी एक मूठ ठेवा, जी दिसेल, जी सापडेल आणि जी ओढली की दार उघडेल.

हाच न्याय इतर यंत्रांनाही लागू पडतो. पंप विजेवर चालतो म्हणून विहिरीवरचा रहाट मोडून टाकणारा शेतकरी वीज गेल्यावर पाण्याकडे नुसता पाहत बसतो. गणकयंत्र मिळाले म्हणून पाढे विसरणारा विद्यार्थी परीक्षेच्या दालनात कपाळाला हात लावतो. नवे घ्यावे, आनंदाने घ्यावे. परंतु जुन्याने जे काम निष्ठेने केले ते कोणते, हे पाहिल्यावाचून त्याला निरोप देऊ नये.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे अभियंते व्हाल, काही गॅरेज चालवाल, काही गाड्यांचे मालक व्हाल आणि बहुतेक सारे प्रवासी तर व्हालच. अभियंता झालात तर दार आखताना स्वतःला आत बसलेला मालक समजू नका. बाहेर धावत आलेला अनोळखी माणूस समजा. गॅरेज काढलेत तर मूठ कापून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हणा. प्रवासी म्हणून कोणत्याही नव्या गाडीत बसलात तर आधी विचारा, ‘वीज गेली तर हे दार कोठून उघडते?’ हे विचारण्यात लाज नाही. बसमध्ये चढल्यावर आपल्या आसनाची जागा पाहता, तशीच संकटकालीन खिडकीची जागाही पाहा. आणि लक्षात ठेवा, काच फोडण्याची वेळ आलीच तर समोरची काच सोडून बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने प्रहार करावा. समोरची काच दुहेरी चिकटविलेली असल्याने ती सहजी फुटत नाही.

दार बंद करणे प्रत्येक यंत्राला जमते. अडलेल्या माणसाला कोणाच्याही हातून उघडून मिळेल असे दार घडविणे, हे माणसाचे काम आहे.